दोन तोळे अठरा गुंजा

फोरमनच्या क्वार्टरचं दार बंद, खिडक्या बंद आणि आत पंख्याचा आवाज नाही, असं असेल तर दार वाजवायचं नाही. काटा चालू आहे असं समजायचं आणि बाहेर पायरीवर बसायचं. कुवेतच्या अहमदीत जुलैच्या दुपारी ती पायरी तव्यासारखी तापलेली असे. तरी बसायचं. एकदा मला राहवलं नाही. दार हलकेच ढकललं, तर आतून आवाज आला, "हिशेबनीस, श्वास तिकडे सोड!"

ते उघड्या अंगाने टेबलापाशी बसले होते. घामाचा थेंब पारड्यात पडू नये म्हणून कपाळाला पंचा बांधलेला. समोर काचेच्या पेटीत सोनारी काटा, शेजारी चिमटा आणि पत्र्याच्या दोन डब्या. एका डबीवर पांढऱ्या रंगाने 'ठीक' लिहिलेलं, दुसरीवर 'बाद'. दुसरी डबी पहिलीच्या चौपट मोठी होती.

फोरमन घरी बंदुकीच्या गोळ्या करायचे. हे ऐकून माणूस दचकतो, म्हणून आधीच सांगतो की हा सगळा खटाटोप नेमबाजीच्या स्पर्धेसाठी होता. आणि गोळी म्हणजे अख्खं काडतूस नव्हे. काडतुसाच्या तोंडाशी बसवलेली असते आणि उडून जाते, तेवढीच. दारूचं काम क्लबात, कुलपाआड व्हायचं. घरात फक्त शिसं आणि तांबं. शिशाची तार ओढायची, तिचे सारखे तुकडे करायचे, तुकडा तांब्याच्या पातळ टोपीत बसवायचा आणि हाताच्या प्रेसमध्ये दाबून त्याला टोक आणायचं. सांगायला एवढंच. पण प्रत्येक तुकडा चोवीस गुंजा, म्हणजे बरोबर पाव तोळा भरला पाहिजे, आणि तयार गोळी काचेवर भोवऱ्यासारखी फिरवली तर तिच्यावर पडलेला दिव्याचा ठिपका हलता कामा नये. हलला की बाद.

"डुगडुगते," असं म्हणून ते ती गोळी मोठ्या डबीत टाकायचे. माणसांनाही हाच शब्द लावायचे. कंपनीत नवा साहेब आला, त्याच्याशी पाच मिनिटं बोलून बाहेर पडले आणि मला म्हणाले, "डुगडुगतो."

तेव्हा कुवेतमध्ये आपलाच रुपया चालायचा. मी तेल कंपनीच्या हिशेबखात्यात कारकून होतो. बायको मिरजेला, लहान मुलगी तिच्याजवळ. कुटुंब आणायची परवानगी माझ्या ग्रेडला नव्हती. फोरमन उपकरणांच्या वर्कशॉपचे प्रमुख होते. लढाईच्या काळात बसऱ्याच्या लष्करी वर्कशॉपमध्ये होते, तिथेच नेमबाजी शिकले आणि लढाई संपल्यावर घरी न जाता खाली इकडे आले. त्यांना स्वतंत्र क्वार्टर होतं, पगार माझ्या तिप्पट होता, आणि खोलीत खुर्ची एकच होती. मी जायला लागलो तेव्हा दुसरी आणली. ती आणल्याचं कधी बोलले नाहीत.

त्यांना सगळे फोरमनच म्हणत. मीही. ते मला हिशेबनीस म्हणत, आणि चिडले की घाटी.

फोरमन मूळचे राजापूरकडचे, जातीने सोनार. हे मला त्यांच्याकडून कळलं नाही. फहाहीलच्या बाजारातल्या चाचांकडून कळलं. चाचा रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. तांदूळ, मसाले, दोरखंड असं सगळं विकायचे आणि मासेमाऱ्यांची जुनी जाळीही घ्यायचे. त्या जाळ्यांना शिशाची वजनं असतात. ती फोरमन विकत घेत. आम्ही दुकानात शिरलो की चाचा आतूनच ओरडायचे.

"काय ओ सोनारानू! आज पन शिसां? सोन्याच्या जातीचा मानूस, नि जाळ्याच्या शिशामागं लागलाव?"

"शिशावर कोनाचा जीव नसतो, चाचा. म्हणून शिसां."

मला तेव्हा ती थट्टा वाटली. पुढे एकदा फोरमन वजनं निवडत मागच्या अंगणात असताना चाचांनी आवाज खाली आणून मला सांगितलं. फोरमनच्या वडिलांचं गावात दुकान होतं. एका खोताने जुने दागिने मोडून पाटल्या करायला दिल्या. पाटल्या आल्या त्या वजनाला कमी. वडील म्हणाले, सोनं आटवताना घट होते, तेवढी घट आहे. खोत म्हणाला, घट नव्हे, तू खाल्लंस. पंचायत बसली नाही, पोलीस आले नाहीत. नुसतं बोललं गेलं. वर्षभरात दुकानाची फळी कायमची लागली. पोराचं ठरलेलं लग्न मोडलं.

"खाल्लान का नाय, तां अल्लाला ठाव," चाचा म्हणाले. "पन मानूस त्या दिसापास्नं मान खाली घालून चालायचा. पोर तर गावातच रवला नाय."

मी त्यानंतर फोरमनच्या काट्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. बसण्याआधी ते त्याला नमस्कार करायचे. मग एक जुना चांदीचा रुपया पारड्यात टाकायचे आणि तो बरोबर एक तोळा भरला तरच पुढचं काम. पुढे दिनार आला, सगळ्यांनी होते नव्हते ते रुपये बदलून घेतले, पण तो रुपया मात्र पेटीतच राहिला. चहाची पूडही ते याच काट्यावर तोलायचे. चहा मात्र वाईट करायचे.

एकदा चहा पिताना माझ्या तोंडून ती म्हण निसटली: सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा. निसटली आणि मी जीभ चावली. फोरमननी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू आकडे लिहिणारा, म्हणजे कुलकर्णीच. दोघे तर इथे बसलोच आहोत. शिंपी तेवढा आणायचा राहिला." आणि हसले. हसताना त्यांचा आवाज येत नसे, फक्त खांदे हलत.

नेमबाजीचं मैदान गावाबाहेर होतं. क्लब गोऱ्या साहेबांचा. आपल्या माणसाला तिथे प्रवेश नव्हता, पण क्लबाच्या बंदुका बिघडल्या की फोरमनकडे येत. त्या बदल्यात शुक्रवारी पहाटे, साहेबलोक उठायच्या आधी, तास-दीड तास मैदान त्यांचं, दारूची खोली त्यांची आणि क्लबाची एक चांगली बंदूक त्यांची. क्लबाच्या स्पर्धेत त्यांना उतरता येत नव्हतं. म्हणून ते टपालाच्या स्पर्धेत उतरत.

टपालाची स्पर्धा हा प्रकार मला आधी ठाऊक नव्हता. इंग्लंडातली एक संघटना छापील लक्ष्याचे कागद पाठवायची. जगात जिथे असाल तिथे त्या कागदावर दहा गोळ्या मारायच्या, साक्षीदाराची सही घ्यायची आणि कागद परत पाठवायचा. ज्याच्या दहा गोळ्या सगळ्यांत जवळजवळ लागल्या तो पहिला. समोर प्रतिस्पर्धी नाही, बघणारं कुणी नाही, टाळी नाही. दोन महिन्यांनी निकालाचं पत्रक यायचं. त्यातल्या वीस-पंचवीस नावांपैकी एकाचंही तोंड फोरमननी पाहिलेलं नव्हतं, पण त्यांच्याविषयी ते शेजारपाजारच्यांसारखं बोलायचे. "तो कॅनडाचा यंदा घसरला. बायको आजारी असेल." मी विचारलं, कशावरून? तर म्हणाले, "गोळ्या डावीकडे पडल्यात. लक्ष ठिकाणावर नसलं की होतं तसं."

साक्षीदार मी होतो.

"दुसरं कुणी मिळालं नाही का?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"मिळाले असते. सही करणारे ढीगभर मिळतात. तू गेल्या महिन्यात स्वतःच्या पगारातली चूक साहेबाला दाखवलीस. जास्त आले होते ना तुला?"

"हो."

"मग तूच."

साक्षीदाराचं काम सही करण्याहून थोडं जास्त होतं. दहा गोळ्या एकाच भोकातून गेल्या, तर त्या दहाच गेल्या हे ओळखायचं कसं? कागदावर एकच भोक दिसणार. एखादी गोळी कागद चुकवून बाजूने गेली असेल तरी भोक तेवढंच. म्हणून नियम असा होता की लक्ष्याच्या मागे दुसरा कागद सावकाश सरकता ठेवायचा. पुढे एक भोक पडलं तरी मागे दहा वेगवेगळी पडतात. फोरमननी गजराच्या घड्याळाचं यंत्र घालून पत्र्याच्या पेटीत अशी गुंडाळी बसवली होती. किल्ली देण्याचं काम माझं. किल्ली द्यायची, मातीच्या भिंतीआड जाऊन बसायचं आणि संपल्यावर कागद उतरवायचे.

गुंडाळीच्याही मागे फोरमनची स्वतःची आणखी एक पेटी असे, कागदाएवढ्याच तोंडाची, वाळूने भरलेली. कागदातून गेलेली गोळी त्या वाळूत जाऊन बसायची. नियमात ही पेटी नव्हती. ती सोनाराची होती. सोनाराच्या दुकानातला केर कुणी उकिरड्यावर टाकत नाही. झारेकरी येतो, केर-राख विकत घेतो, धुतो, त्यातले सोन्याचे कण काढतो. फोरमन स्वतःच स्वतःचे झारेकरी होते. नेमबाजी संपली की तिथल्या तिथे पेटीतली वाळू चाळायची, चेपलेल्या गोळ्या पंच्यात बांधायच्या, आणि घरी पोचल्या पोचल्या, चहाचं आधण ठेवण्याच्याही आधी, मुशीत टाकून वितळवायच्या. वर तरंगणारी तांब्याची टरफलं चिमट्याने काढून मोठ्या पिंपात टाकायची आणि खाली उरेल त्या शिशाची लगड ओतायची. लगड तोलायची. दहा तुकड्यांचं शिसं अडीच तोळे व्हायला हवं. दर शुक्रवारी ते सव्वादोनच्या आसपास भरायचं. काही वाळूत राहायचं, काही मळीत जायचं. फोरमन वजन मोठ्याने वाचायचे, पण कमी किती भरलं ते कधी बोलायचे नाहीत. घट हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. हिशेबनीस असल्यामुळे मी तो मनात धरत असे, एवढंच.

तर तो शुक्रवार. आठवडाभर वारा होता आणि त्या पहाटे एकदम पडला. क्लबाच्या खांबावरचं फडकं सरळ खाली लोंबत होतं. फोरमननी 'ठीक'च्या डबीतून दहा गोळ्या निवडून आदल्या शुक्रवारीच क्लबात काडतुसांत भरून ठेवल्या होत्या. मी किल्ली दिली, भिंतीआड बसलो. एकेक आवाज मोजला. दहा झाले. उठून लक्ष्याचा कागद उतरवला, आणि क्षणभर मला वाटलं की यांनी एकच गोळी मारली.

एकच भोक. माझ्या करंगळीचं नख त्यावर ठेवलं तर झाकलं जाईल एवढं.

मी कागद घेऊन दोनशे पावलं चालत आलो. फोरमननी तो घेतला, उजेडाकडे धरला. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी वाळूवर ठेवली. वीस वर्षांत असा कागद त्यांनी मारला नसावा. मला वाटतं त्या निकालपत्रकातल्या कुणीच मारला नसावा. मग ते पेटीकडे गेले आणि चाळण घेऊन बसले. मी गुंडाळी न उलगडता, धूळ लागू नये म्हणून फडक्यात बांधली.

घरी आलो. फोरमननी मूस तापत ठेवली, गोळ्या वितळवल्या, लगड ओतली. मी चहा केला. त्या दिवशी चहा मलाच करायला लावला. मग टेबल पुसलं, फडकं सोडलं आणि गुंडाळी उलगडली.

पाच भोकं होती. पहिली चार सुटी सुटी, आणि पाचवं जरा मोठं. आठवडाभराच्या वाऱ्याने बारीक वाळू पत्र्याच्या पेटीत शिरली होती. घड्याळ चारनंतर अडकलं होतं, पुढच्या जेवढ्या गेल्या त्या एकाच जागी.

फोरमननी कागदावरून दोनदा बोट फिरवलं.

"तू होतास तिथे. दहा ऐकल्यास ना?"

"ऐकल्या."

"मग?"

"ऐकल्याची सही मागितलेली नाही, फोरमन. गेल्याची मागितली आहे."

ते रागावतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "बरोबर," आणि मुशीकडे पाहिलं. मीही पाहिलं. चेपलेल्या गोळ्या अर्ध्या तासापूर्वी पंच्यात होत्या. मोजल्या असत्या तर प्रश्नच उरला नसता. कागद चुकवलेली गोळी त्या पेटीत येऊच शकत नव्हती. पण दुसऱ्या कुणी त्या पंच्यातच ठेवल्या असत्या, सोनाराच्या मुलाने लगेच आटवल्या. टरफलं पिंपात पडून मागच्या शेकडो टरफलांत मिसळली होती. शिसं तेवढं उरलं होतं.

"तोला," मी म्हणालो.

त्यांनी काट्याला नमस्कार केला, रुपया टाकून पाहिला, मग लगड ठेवली. पंखा बंद. आम्ही दोघे श्वास बाजूला सोडत उभे.

"दोन तोळे अठरा गुंजा."

मी आकडा मनात फिरवला. "दर शुक्रवारी दहांचं एवढंच भरतं. नऊ असत्या तर दोन तोळ्यांच्या जवळ आलं असतं. फोरमन, दहाच आहेत. मी सही करतो. वजन लिहितो, आणि बाकीची घट—"

"तो शब्द काढू नकोस."

मी थांबलो.

"माझ्या बापाने तोच काढला होता," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत वडिलांचं नाव त्यांनी माझ्यासमोर प्रथमच घेतलं. "आणि खरा काढला होता. सोनं तापलं की होतेच. पण तो शब्दच असा आहे, हिशेबनीस, की खरा माणूस म्हणाला तरी चोरासारखा ऐकू येतो."

"पण इथे तुमच्यावर कुणी आळ घेतलेला नाही."

"घ्यायची वाट बघू?"

बाहेर कंपनीची बस थांबून गेली. मग त्यांनी पेन्सिल माझ्यासमोर सरकवली.

"एक सांग. घट न धरता, यात कमीत कमी किती?"

मी मांडलं. आठ तुकडे म्हणजे दोन तोळे. त्याच्यावर अठरा गुंजा उरतात. आठांत एवढं शिसं बसतच नाही.

"नऊ," मी म्हणालो. "नऊ नक्की गेल्या. त्याला काहीच धरावं लागत नाही."

"मग नऊ लिही."

"दहावी चुकली असं धरतील ते. तुम्ही तळाला जाल."

"नऊ लिही."

मी वजनाची हकीकत लिहिली, नऊ लिहिलं आणि सही केली. त्या सहीत खोटं काही नव्हतं.

निकाल आला तेव्हा त्यांचं नाव तळापासून दुसरं होतं. पहिला आलेल्या माणसाचं भोक छापलेल्या मापावरून मोजलं. फोरमनच्या भोकाच्या दीडपट होतं. पत्रकाबरोबर संघटनेच्या चिटणिसाच्या हातच्या दोन ओळी होत्या. शिशावरून मोजण्याची पद्धत नियमात नाही, पण तुमच्या आणि तुमच्या साक्षीदाराच्या शब्दावर आमचा पूर्ण विश्वास आहे, म्हणून नऊ मान्य केल्या आहेत.

"बघा," मी म्हणालो, "शब्दावर विश्वास आहे म्हणतात. दहा लिहिलं असतं तर दहा मानल्या असत्या!"

"म्हणूनच," फोरमन म्हणाले, आणि पत्रक घडी करून खिशात ठेवलं. त्या दिवशी ते उदास होते असं मी म्हणणार नाही. ते पत्र त्यांनी चाचांना दाखवलं. चाचांना इंग्रजी येत नव्हतं. फोरमननी त्यातली विश्वासाची ओळ त्यांना मराठीत सांगितली, दोनदा. चाचा म्हणाले, "झ्याक झाला, सोनारानू," आणि जाळ्याच्या वजनांचे पैसे घेईनात. फोरमननी ते मोजून गल्ल्यावर ठेवले.

पुढे माझी ग्रेड बदलली, बायको-मुलगी आली, शुक्रवार घरचे झाले. कधी संध्याकाळी त्यांच्या क्वार्टरवरून जायचो. पंखा बंद असला की पायरीवर क्षणभर बसायचो आणि उठायचो, कारण घरी जेवायला वाट पाहत असायचे. श्वास बाजूला सोड असं ज्याला सांगावं, असं त्यांच्या खोलीत कुणी उरलं नव्हतं. जेवायला बोलावलं तर ते येत, मुलीसाठी खजूर आणत, ताटातलं सगळं संपवत आणि लवकर उठत. गुंडाळीच्या पेटीला त्यांनी नवं झाकण केलं होतं, वाळूचा कण आत शिरणार नाही असं. पण स्पर्धेला कागद पुन्हा पाठवला नाही. दुसरा साक्षीदार आणतो असं मी म्हटलं, तर म्हणाले, "राहू दे. वारा पडत नाही हल्ली."

निवृत्त होऊन गावी जाताना त्यांनी त्या शुक्रवारची लगड आणि शिशाचा एक कोरा, चोवीस गुंजांचा तुकडा माझ्या हातात ठेवला. "वजन करत जा अधूनमधून," म्हणाले. चाचांना गावाकडून कळायचं ते आम्हाला कळायचं. फोरमननी वडिलांच्या दुकानाची फळी काढली होती. आत बसून बाजारातल्या वाण्यांचे काटे तपासून द्यायचे. सोनं कुणी आणलं तर हात लावायचे नाहीत. तसं फारसं कुणी आणलंही नाही. तीन पावसाळे बसले तिथे. मग फळी परत लागली.

मी आता मिरजेला असतो. लगड टेबलावर कागद दाबायला असते. पाहुणे विचारतात, हे काय? मी सांगतो. किती गोळ्यांचं शिसं, विचारलं तर आजवर 'नऊ' म्हणत आलो. सही आहे ती नवाची.

परवा मुलीने विचारलं. तिची शास्त्राची परीक्षा जवळ आली आहे, दिसेल ते तोलत सुटली आहे. फोरमनच्या नादाने घेतलेला एक पितळी काटा माझ्याकडे आहे. त्यावर तिने आधी कोरा तुकडा ठेवला, मग लगड.

"किती गोळ्यांचं आहे हे, बाबा?"

"दहा."

बायकोने स्वयंपाकघरातून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मुलीने वहीत भागाकार केला. खाली रेघ मारली, पुन्हा तपासला.

"चूक आहे. नऊसुद्धा पुरे होत नाहीत. आठ पूर्णांक काहीतरी येतं. मग दहा कशा?"

"घट धर," मी म्हणालो.